अपन म्हणजे कोण-कोण

इंदूर, ४ सप्टेंबर २०२५

यश,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते उघडलंच नसतंस, म्हणून पत्ता माझ्या विद्यार्थिनीकडून, खुशीकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर वाच. चाळीस वर्षांनी लिहितोय. दोन पानं ऐकून घे, मग फाडायचं तर फाड.

तुझा नागपूरचा पत्ता कस्तुरीने दिला. खजरान्याला गणपतीच्या रांगेत भेटली. आधी तिने ओळखलंच नाही असं दाखवलं. मग रांग सरकेना, तेव्हा वळून म्हणाली, "अच्युतभिया, तुम्ही काय आता देवाला पण फसवणार काय?" तुझी बहीण आहे, सरळ बोलेल कशी? तू बियाण्यांच्या कंपनीतून निवृत्त झालास आणि निशिगंधावहिनी अजून शाळेत शिकवतात, एवढं तिने सांगितलं. पत्ता लिहून देताना मात्र हसली नाही. "लिहायचंच असेल तर खरं लिहा. नाहीतर रहने दो."

मी अजून त्याच कॉलेजात इतिहास शिकवतो. सध्या एक पुस्तक लिहितोय. चीनमध्ये सहासष्ट ते अडुसष्ट सालात शाळा-कॉलेजातली मुलं दोन-दोन गटांत फुटून एकमेकांची डोकी का फोडत होती, हा विषय. दोन्ही गट एकाच नेत्याचे, छातीवर तोच बिल्ला, तोंडी त्याच घोषणा. शत्रू कोण म्हणशील, तर कालपर्यंत एका बाकावर बसणारा. विषय मुळात तुझा. लायब्ररीतून चीनवरची पुस्तकं तू आणायचास आणि मी तुझ्या खांद्यावरून वाचायचो. तू गेलास, विषय माझ्याकडे राहिला.

खुशी माझ्या हाताखाली पीएच.डी. करते. जुन्या इंदूरची मुलगी, दिल्लीला राहून चिनी शिकून आली. आमच्याकडे एका शाळकरी मुलीच्या वहीची प्रत आली आहे. लिन तिचं नाव. सदुसष्ट साल, उत्तर चीनमधलं एक शहर. मी इंग्रजी भाषांतरावर काम करत होतो, खुशी मूळ वही वाचत होती. परवा ती अडली.

"सर, इंग्लिशमध्ये दोन्हीकडे 'वी' आहे. हिंदीत पण 'हम' होईल. पण ही मुलगी मार्चमध्ये 'त्सानमन' लिहिते आणि जूनपासून 'वोमन' लिहायला लागली. दोन्हीचा मतलब हमच आहे ना?"

मी विचारलं, फरक काय?

"त्सानमनमध्ये ऐकणारा पण येतो. वोमनमध्ये तो बाहेर राहू शकतो."

मी म्हटलं, अगं वेडे, हे तर मराठीत आहे! आपण आणि आम्ही. 'आपण जेवू या' म्हटलं की समोरच्याचंही पान वाढायचं. 'आम्ही जेवतो' म्हटलं की त्याने आपल्या घरी जायचं. मार्चमध्ये लिन लिहिते, आपण शाळेची भिंत रंगवली. त्यात तिची मैत्रीण आहे. जूनमध्ये वर्ग फुटला, मैत्रीण दुसऱ्या गटात गेली, आणि लिन लिहिते, आम्ही गच्ची ताब्यात घेतली. इंग्रजीने हे सगळं गिळून टाकलं होतं. मला इतका आनंद झाला की मी खुशीला उठवून कचोरी खायला नेलं.

तिथे कचोरी खाता-खाता ती म्हणाली, "पण सर, इंदूरमध्ये तर आपण दोन्हीला अपनच म्हणतो ना? माझे काका तर एकटे असले तरी म्हणतात, अपन तो खाके आए."

माझा घास तसाच राहिला. का, ते तुला कळलं असेल.

यश, मी चौकशी समितीपुढे तुझं नाव घेतलं नव्हतं. मी म्हणालो होतो, "सर, कुर्सी अपन से फिंक गई." आपण इंदुरी माणसं, एकट्यालाही अपनच म्हणतो. समितीचे अध्यक्ष उत्तर प्रदेशातून आलेले. कारकुनाने लिहिलं, 'हम दोनों से'. एका शब्दाचा घोळ झाला आणि त्यात तू तीन वर्षांसाठी कॉलेजातून गेलास. हे तुला कधीतरी सांगायचं होतं.

नानासाहेब सर मल्हारगंजातच आहेत. एकोणनव्वद पूर्ण होतील. त्या खुर्चीने मोडलेलं कंबरेचं हाड भरलं, पण पाय तेव्हापासून ओढतच चालतात. दर गुरुवारी मी त्यांना पेपर वाचून दाखवतो. तुझं नाव ते कधी काढत नाहीत.

तुझा,
अच्युत


इंदूर, २१ सप्टेंबर २०२५

यश,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा नव्हती, असं लिहिणार होतो, पण रोज दुपारी टपालाची वाट पाहतो हे खरं आहे.

मागचं पत्र मी पुन्हा आठवून पाहिलं. त्यात खोटं काही नाही. पण कस्तुरीने खरं लिहा म्हटलं होतं, आणि 'खोटं नसणं' हे त्यात बसत नाही, एवढं मला या वयात कळायला हवं.

तेव्हाच्या चीनमध्ये चौकशीच्या खोल्यांमधून एक वाक्य भिंतीवर रंगवलेलं असे. खुशीने त्याचं मराठी असं केलं: कबूल कराल तर सवलत, अडून बसाल तर सक्ती. मी ते वाचलं आणि मला आपल्या प्राचार्यांची खोली दिसली. आठवतं? "जो सच बोलेगा, उसको चेतावनी देके छोड़ देंगे." मी बोललो, मला चेतावणी मिळाली. तू म्हणालास, मी तिथे नव्हतोच. तुझ्याविरुद्ध माझा कागद होता, म्हणून तू खोटारडा ठरलास. तुला शिक्षा खुर्चीची झाली नाही, अडून बसण्याची झाली. खरं बोलत होतास म्हणून झाली.

आता जे गाळलं होतं ते. मी 'अपन से' म्हटल्यावर अध्यक्षांनी मान वर करून विचारलं होतं, "अपन मतलब? कौन-कौन?"

मी काहीच बोललो नाही.

दुसरे एक सदस्य म्हणाले, "ये और यशवर्धन, और कौन! इनकी तो जोड़ी है." कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होतो. मग त्याने लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि मी सही केली. तेव्हा घोळ झाला नव्हता. प्रश्न विचारला गेला होता, आणि उत्तर द्यायला मला भरपूर वेळ मिळाला होता.

त्या दुपारी तू कुठे होतास हे मला माहीत होतं. कस्तुरीला विषमज्वर झाला होता, तू तिच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसला होतास. सकाळी तूच मला सांगितलं होतंस. बहिणीची साक्ष समितीने धरली नाही. माझी धरली असती.

निकाल लागला त्या संध्याकाळी तू आमच्या घरी आलास. मी आतल्या खोलीत होतो. आईला म्हटलं, नाही म्हणून सांग. तू ओट्यावर बराच वेळ बसलास, आईने दिलेलं पाणी प्यायलास आणि गेलास.

मी वीस वर्षांचा होतो आणि घाबरलो होतो. हे कारण आहे, सबब नाही, असं मी वर्गात इतरांबद्दल सांगतो.

तुझा,
अच्युत


इंदूर, १२ ऑक्टोबर २०२५

यश,

मागच्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं खोडून टाक. सांगतो का ते.

लिनच्या वहीत नोव्हेंबरचं एक पान आहे. गच्चीवरून कौल फेकलं गेलं आणि त्यांच्या गणिताच्या बाईंना लागलं. सभेत विचारलं, कुणी टाकलं? लिनने त्या मैत्रिणीचं नाव घेतलं. मैत्रीण त्या दिवशी गच्चीवर नव्हतीच, आणि हे लिनने स्वतःच सभेच्या दोन दिवस आधी वहीत लिहून ठेवलं आहे. मी या पानावर टिपण केलं, 'भीतीपोटी दिलेली साक्ष'. पुस्तकात असं वाक्य शोभून दिसतं.

खुशीने ते वाचलं आणि नाक मुरडलं. तुझ्यासारखीच आहे ती, सरांचा मान ठेवून सरांना खोडून काढते. "सर, घाबरली असती तर ती 'मैं' लिहिती ना. माणूस डरला की एकटा होतो. इथे बघा, पूर्ण पानावर वोमन, वोमन. आम्ही सभेत गेलो, आम्ही नाव सांगितलं. ही डरलेली नाही सर. हिला तेव्हा मजा आली असेल."

मी तिला म्हटलं, उद्या बोलू. आणि घरी आलो.

यश, तुला 'असली' समितीचं आठवतं ना? आपल्या विद्यार्थी समितीचे दोन तुकडे झाले आणि दोघांनीही पाटीवर 'असली' लिहिलं. झेंडा तोच, घोषणा त्याच. भांडण काय, तर सचिवपदाला कोण उभा राहणार आणि बॅटरीवरचा तो भोंगा कुणाच्या ताब्यात राहणार. आज कुणाला सांगितलं तर हसेल. चीनमध्येही गच्च्यांवरच्या भोंग्यांसाठी मारामाऱ्या झाल्या. तिथे माणसं मेली, आपल्याकडे त्या भांडणात एका मास्तरांचं हाड मोडलं, म्हणून मी दोन्ही एका तागडीत घालत नाही. पण आतलं जे असतं ना, ते मला ओळखीचं आहे.

तू दुसरीकडे गेलास. मला न सांगता गेलास, असं मला वाटलं. खरं तर तू सांगितलं होतंस, नीट समजावून सांगितलं होतंस की आमच्यातले लोक बाहेरून गुंड आणणार आहेत. मी म्हटलं, तू विकला गेलास. त्यानंतर पंधरा दिवस, कस्तुरीच्या तापाचं ते एक वाक्य सोडलं तर, आपण बोललो नाही, आणि त्या पंधरा दिवसांत मला घरचं जेवणसुद्धा गोड लागत होतं. आमच्या गटात रोज कुणीतरी तुला शिवी द्यायचं आणि मी हसायचो. कधी मीच द्यायचो. इतका मी कधीच कुणाचा नव्हतो.

चौकशी समितीने विचारलं, "कौन-कौन?" तेव्हा मी घाबरलो नव्हतो. त्यांना आपण अजून जोडीच वाटत होतो, आणि मला एका क्षणात दिसलं की मी गप्प बसलो तर तू जाशील. आणि मला वाटलं, जाऊ दे साल्याला. तिकडे गेलास ना, मग भोग. हे वाटलं, आणि बरं वाटलं. आमचं उट्टं निघालं असं वाटलं. 'आमचं', बघ. माझं नव्हे.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. वसुधाला वाटतं तू परीक्षेत कॉपी करताना सापडलास. ते मीच तिला सांगितलं होतं. त्याबद्दलही माफी माग, असं तू म्हणशील, आणि बरोबर असेल.

तो विषयही माझ्याकडे 'राहिला' नाही. मी तो घेतला.

या गुरुवारी सरांकडे गेलो होतो. सांगायचंच असं ठरवून गेलो. पेपर वाचून झाला. सर म्हणाले, "आज आवाज का बसलाय तुझा?" मी म्हटलं, धूळ आहे सर. देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून मिरवतो आम्ही, आणि मी धुळीचं नाव सांगतो! सरही हसले. मी परत आलो.

अच्युत


इंदूर, ९ नोव्हेंबर २०२५

यश,

सरांना सांगितलं.

त्यांची सून शिखा चहा ठेवून आत गेली होती. मी पेपर उघडलाच नाही. म्हटलं, सर, पंच्याऐंशी सालची ती खुर्ची मी फेकली होती. यशवर्धन तिथे नव्हता. मी समितीला तसं सांगितलं नाही, मुद्दाम सांगितलं नाही.

सरांना आता उजेड-अंधार एवढंच दिसतं. ते माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिले. मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे रे, झालं-गेलं गंगेला मिळालं. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच गेलो होतो. चाळीस वर्षं दर गुरुवारी पेपर वाचला, त्याचं काहीतरी पुण्य जमलं असेल असा हिशेब मनात होता.

ते म्हणाले, "तो माझ्याकडे आला होता. मी खाटेवर होतो, कंबरेला वजन बांधलेलं. दारात उभा राहून म्हणाला, सर, मी नव्हतो. मी त्याला काय म्हटलं माहीत आहे?"

मी म्हटलं, नाही सर.

"म्हटलं, चालता हो. गुरूवर हात उचलणाऱ्याचं तोंड बघायचं नाही मला. त्याने लांबूनच जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि गेला." आणि पुढे म्हणाले, "हाड मोडलं त्याचं मला काही नाही अच्युत. हाडं मोडतात. पण त्या पोराला मी दारातून हाकललं. ते तू माझ्या हातून करवलंस. आणि वर इतकी वर्षं मला पेपर वाचून दाखवलास."

ते रडत होते. मी त्यांच्या पायाला हात लावायला गेलो, तर त्यांनी पाय ओढून घेतला. तोच पाय, जो ओढत चालतात. मला ते सोसवलं नाही, हे सांगण्याचा मला हक्क नाही, तरी सांगतो.

मग म्हणाले, "कागद घे. समितीपुढे हिंदीत बोलला होतास ना? आता मराठीत लिही. आणि अपन-बिपन नको." मी लिहिलं. त्यांनी ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'आमच्याकडून खुर्ची फेकली गेली'. त्यांनी हात आपटला. "आमच्याकडून म्हणजे? कितीजण होतात? आणि फेकली गेली कशी, तिला पाय होते?" शेवटी कागदावर आलं ते असं:

'१९ सप्टेंबर १९८५ रोजी दुपारी कॉलेजच्या जिन्यावरून मी खुर्ची फेकली. ती प्राध्यापक नानासाहेबांना लागली. यशवर्धन तिथे नव्हता, हे मला माहीत होते. चौकशीत मला विचारले असता मी मुद्दाम गप्प राहिलो. मी.'

शेवटचं 'मी' त्यांनी लिहायला लावलं. खाली माझी सही आहे. साक्षीदार म्हणून त्यांची आहे, शिखाने त्यांचा हात धरून करवली. मूळ कागद या पत्रासोबत जोडला आहे. एक प्रत मी कॉलेजच्या कार्यालयात दिली. तिथला मनीष बाबू म्हणाला, "सर, इतकी जुनी फाइल तो दीमक खा गई होगी. आप भी ना!" मी म्हटलं, तरी आवक क्रमांक टाका. त्याने टाकला.

निघताना सर म्हणाले, "यशवर्धन येऊन जाईपर्यंत तू इथे यायचं नाहीस. आणि तो येणार नसेल, तरी यायचं नाहीस."

गेल्या गुरुवारी त्या वेळेला मी घरीच बसलो. वसुधाला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "यशवर्धनांच्या बायकोला माझ्याबद्दल काय वाटत असेल?" तू ये, असं म्हणण्याचं तोंड मला नाही. सर वाट पाहत आहेत, एवढंच कळवतो.

अच्युत


इंदूर, ३० नोव्हेंबर २०२५

यशवर्धन,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी आहेत, पाठच झाल्या. 'चारही पत्रे व कागद मिळाला. रविवार, १४ डिसेंबर रोजी आम्ही इंदूरला सरांना भेटायला येत आहोत, तसे त्यांना कळवावे.'

कार्ड घेऊन मी तसाच कॉलेजात गेलो आणि खुशीला दाखवलं. दुसरं कुणाला दाखवणार? तिला आता सगळं ठाऊक आहे. पुस्तकाच्या प्रस्तावनेत मी ते लिहिलं आहे आणि टंकलेखन तिनेच केलं. लिनच्या पानावरचं 'भीतीपोटी' मी खोडलं. तिने कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं आणि हळूच म्हणाली, "सर, त्यांनी घाईत लिहिलं असेल. इंदूरचेच आहेत ना? त्यांना कदाचित आपण म्हणायचं असेल."

मी म्हटलं, नाही. चाळीस वर्षं नागपुरात काढली आहेत त्याने. त्याला आपण आणि आम्ही नीट कळतं. इथे आम्हीच बरोबर आहे.

तिला वाईट वाटलं. मलाही वाटलं, पण तू येतोयस याचा आनंद त्याहून मोठा आहे. हे मी पत्रात चांगलं दिसावं म्हणून लिहीत नाही.

मी शिखाला फोन करून निरोप दिला आहे. ती म्हणाली, सरांनी दाढी करायला न्हावी त्याच दिवशी सकाळी बोलवायला सांगितलाय, आधी नको, वाढेल म्हणाले. आणि विचारत होते, दोघे येणार का? मी तिला म्हटलं, हो, दोघे. यशवर्धन आणि त्याची पत्नी.

मल्हारगंजात आता गाडी आत जात नाही. कोपऱ्यावर सोड, तिथून चौथं घर. बेल बिघडली आहे, कडी वाजव. सरांना ऐकू चांगलं येतं, पण उठायला वेळ लागतो, तेव्हा लगेच परत फिरू नकोस. कस्तुरीलाही कळवलं आहे, ती दुपारून येईल. मी त्या दिवशी घरीच असेन.

सरांच्या खोलीत सामान फार झालंय. शिखाला सगळं हलवायला सांगितलं आहे, आणि तुम्हा दोघांना व कस्तुरीला बसायला तीन खुर्च्या मांडायला सांगितल्या आहेत.

अच्युत